चिंचेनं घासलेली पणजी

माझ्या शेजारणीच्या पणजीचं नाव मी चिंच, मीठ आणि तारेच्या घासणीनं पुसून टाकलं. तांब्याचा हंडा घासावा तसं. डोंगरावरचं ऊन, बर्फ आणि पाठ खाजवायला येणारी गुरं यांना एवढ्या वर्षांत जे साधलं नव्हतं, ते मी एका शनिवारी दुपारच्या चहाच्या आत उरकलं. उरकल्यावर दोन पावलं मागं सरले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "हं! आता कसं लख्ख दिसतंय!"

लख्खच दिसत होतं. थडग्याच्या त्या दगडावर अक्षर म्हणून एक शिल्लक राहिलं नव्हतं.

तेव्हा मी साठीची तरुणी होते. हसू नका. पंच्याहत्तरीतून मागं वळून बघितलं की साठीतली मी मला अगदी पोरसवदा दिसते. गुडघे शाबूत, केस रंगवलेले, गळ्यात वाचायच्या चष्म्याची साखळी, आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्री. विशीत माणसाला कुणीतरी गप्प बसवतं तरी. साठीतल्या बाईला कोण बसवणार?

आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम टोकाला, डोंगरात. आमचे हे इथल्या एका लहानशा कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला आले, दोन वर्षांसाठी म्हणून, आणि गुराला गोचीड चिकटावी तसे आम्ही इथं चिकटलो. मुलगा कॅरी नावाच्या शहरात, गाडीनं चार तासांवर. तो दर फोनला म्हणतो, "आई, तुम्ही तिकडे काय करता यार? इकडे मूव्ह करा. मंडळ आहे, देऊळ आहे, फ्रेश मेथी मिळते." त्याला मी काय सांगणार? मेथी नसली तरी इथं थडगी भरपूर आहेत.

खरंच आहेत. या डोंगरात प्रत्येक घराण्याचं स्वतःचं कबरस्तान. सपाट जमीन मक्याला, उतार गुरांना आणि टेकडीचा माथा मेलेल्यांना, अशी जुनी वाटणी. त्यामुळं कुठंही वर बघा, चार झाडं, एक कुंपण आणि आत कुणाचे तरी पूर्वज. पहिल्यांदा आले तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "अहो, हे लोक स्मशानाला इतकी चांगली जागा का देतात?" हे म्हणाले, "तिथून कुणी हलत नाही ना, म्हणून."

हे निवृत्त झाले आणि महिनाभरात माझ्या लक्षात आलं की एका स्वयंपाकघरात एकच निवृत्त माणूस मावतो. मी गावातल्या इतिहास मंडळात नाव घातलं. मंगळवारी दुपारी, लायब्ररीच्या तळघरात, आठ-दहा म्हातारी माणसं आणि कॉफीचं एक मोठं भांडं. काम एकच, आपापले पूर्वज. टेकड्यांवरची थडगी शोधायची, आरशानं ऊन तिरकं पाडून झिजलेली अक्षरं वाचायची, कुणाची कोण हे जुळवायचं.

पहिल्याच महिन्यात मला शोध लागला की त्यातल्या निम्म्या लोकांची खापरपणजी चेरोकी, म्हणजे इथल्या मूळ जमातीची, राजकन्या होती. मी घरी येऊन पोट धरून हसले. "अहो, एवढ्या राजकन्या! मग त्या जमातीत चूल कोण पेटवत होतं?"

ह्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "पानिपतावर गेलेला पूर्वज नाही असं एक घर दाखव बघू आपल्यात."

माझं हसू थोडं आवरलं. पण थोडंच.

कारण माझ्याकडं कुलवृत्तांत होता. ह्यांच्या घराण्याचा, लाल कापडी बांधणीचा, उशीसारखा जाड. मूळ पुरुषापासून आजपर्यंत सगळे बाप आणि सगळे लेक. मी तो मंडळात नेला, आणि वर समोसे तळून नेले. लोकांनी समोसे खाल्ले आणि वंशवृक्षाची घडी उलगडून टेबलभर पसरली. टेबल संपलं तरी आमचे पूर्वज संपेनात. चारशे वर्षं! तळघरात नुसतं "ओ माय, ओ माय" चाललं होतं. मी जणू स्वतः त्या चारशे वर्षांत एकेकाला मांडीवर घेऊन मोठं केलं होतं, अशा थाटात उभी राहिले.

मग मागच्या खुर्चीतून आवाज आला, "यात तू कुठं आहेस, हनी?"

ही माझी शेजारीण. ऐंशी ओलांडलेली, विधवा, हयातभर शाळेची बस चालवलेली. डोंगरातल्या वळणांवर तीस-चाळीस पोरांना एका आवाजात गप्प बसवून आणलेलं, त्यामुळं तिचा प्रश्न तळघरातसुद्धा शेवटच्या सीटपर्यंत जायचा. ती कुणालाही हनी म्हणायची, आणि तो शब्द प्रेमानं आला की चिमटा काढायला, हे कळायला मला दहा वर्षं लागली होती.

मी म्हटलं, "आहे की!" आणि शोधायला लागले. ह्यांच्या नावापुढं कंसात एक बाई सापडली. तिचं नाव माझं नव्हतं. म्हणजे कागदोपत्री होतं. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं नवं नाव लिहायचं, चार जणींनी वाचायचं आणि पेढा खायचा. ते नाव त्यानंतर मला कुणीही हाक मारायला वापरलं नाही, ह्यांनीसुद्धा नाही, आणि इथं चारशे वर्षांच्या पुराव्यात मी त्याच नावानं बसले होते. माहेरच्या कुलवृत्तांतात पाहावं तर तिथं आमच्या वडिलांच्या नावाखाली भावाचं नाव, शिक्षण, नोकरी, आणि शेवटी "कन्या दोन".

"म्हणजे दोन पुस्तकं," शेजारीण म्हणाली, "आणि एकातही तू नाहीस. बरी सोय आहे."

लोक हसले. मी पण हसले, तोंडातल्या तोंडात तिला शिव्या देत. त्या गडबडीत मंडळाचे अध्यक्ष नव्या सभासदांना थडग्यांची काळजी कशी घ्यावी ते समजावत होते. फक्त पाणी, मऊ ब्रश, बाकी काही लावायचं नाही, वगैरे. ते मी ऐकलं नाही. मी समोशांची कृती सांगत होते.

तर अशा या शेजारणीवर एक वेळ आली.

तिची माणसं पुरलेली टेकडी विकली गेली. ती टेकडी तिच्या आजोळच्या आजोळची. विकणारे दूरचे चुलतभाऊ ओहायोत, त्यांनी टेकडी डोळ्यांनीही पाहिली नव्हती. घेणारा अटलांटाकडचा एक गृहस्थ, त्याला तिथं सुट्टीत भाड्यानं द्यायच्या लाकडी बंगल्या बांधायच्या होत्या. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, कबरस्तानाला मी हात लावणार नाही, फुलं वाहायला या, नमस्कार करायला या. पण नवीन माणूस तिथं पुरायचा असेल तर तो त्याच घराण्याचा पाहिजे. नाहीतर उद्या सगळा तालुका माझ्या टेकडीवर येऊन झोपेल.

आणि शेजारणीला तिथंच जायचं होतं. तिची पहिली मुलगी, पाळण्यातच गेलेली, त्या टेकडीवर होती. तिची आईपण. पण दोघींच्या डोक्याशी काय, तर ओढ्यातून उचलून आणलेला एकेक धोंडा. गरिबाघरी तेवढंच. त्यावर नाव नाही, गाव नाही. सरकारी कागदांत बाळ गेल्याची नोंद होती, कुठं पुरलं याची नव्हती. नवऱ्याला तिनं चर्चमागच्या जागेत पुरलं होतं. त्याच्याबद्दल ती म्हणायची, "त्याच्याशेजारी मी पन्नास वर्षं झोपले. पोरीशेजारी एक रात्र नाही."

हे ती एकदाच बोलली. तेव्हा हनी म्हणाली नव्हती.

वंशवेल मी काढून दिला. ती, तिची आई, आजी, पणजी. दर पिढीला आडनाव बदललेलं, त्यामुळं टेकडी विकणाऱ्यांच्या आडनावाशी तिचं काही जुळेना. पण पणजी त्याच घरची सून होती हे जुन्या शिरगणतीत मिळालं. आता एवढंच दाखवायचं होतं की पणजी त्याच टेकडीवर आहे. आणि त्या सगळ्या मुक्या धोंड्यांमध्ये एकच संगमरवरी दगड होता, घडवलेला, वर कमान असलेला. तो पणजीचा, असं शेजारीण आमची ओळख झाल्यापासून सांगत आली होती. काळं शेवाळ इतकं चढलेलं की अक्षरं आहेत एवढंच कळायचं.

त्या गृहस्थानं निरोप धाडला, मे महिन्यातल्या रविवारी तुम्ही सगळे जमता ना, तेव्हा मी येतो. तो दगड बघतो. तुमची पणजी असेल तर तुम्हीही या.

मे महिन्यातल्या त्या रविवाराला इथं नुसतं 'डेकोरेशन' म्हणतात. गवत काढायचं, प्रत्येक थडग्यावर फुलं ठेवायची, दोन भजनं म्हणायची आणि मग कबरस्तानातच लांबलचक टेबलं मांडून जेवायचं. आपली सर्वपित्री, पण कावळ्याची वाट न बघता, आणि तळलेल्या कोंबडीसकट. सुरुवातीला मला ते कसंतरीच व्हायचं. स्मशानात जेवण! घरी आल्यावर मी डोक्यावरून आंघोळ करायचे. हे म्हणायचे, "अगं, आधी पोटातलं काढ, मग वरचं धू."

त्या आठवड्यात शेजारणीचं खाण्यात लक्ष नव्हतं. कुंपणापाशी भेटली की विषय बदलायची. मी म्हटलं, "दगडाचा फोटो काढून ठेवू का?" तर म्हणाली, "लांबून काढ." मला वाटलं, म्हातारीला कॅमेऱ्यातलं काय कळतंय. मला वाटलं, बिचारी हुरळलीय. मला त्या काळी फार गोष्टी वाटायच्या.

आणि शनिवारी मला सुचलं.

तुमच्याकडं पाहुणे यायचे असतील तर आदल्या दिवशी तुम्ही काय करता? देवघरातली भांडी काढता. समई, निरांजन, तांब्या. चिंच भिजत घालता, मीठ घेता आणि घासता. उद्या परका माणूस येणार, पणजीचं नाव वाचणार, आणि पणजी अशी काळीकुट्ट? माझ्या आईनं असं घर पाहुण्यांना दाखवलं नसतं. मी पाव किलो चिंच भिजवली. ह्यांना म्हटलं, जरा फिरून येते. ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. रसायनशास्त्रज्ञाच्या घरात पस्तीस वर्षं काढून मी चिंचेचा कोळ डब्यात घेऊन संगमरवर धुवायला निघाले, हे वाक्य मी ह्यांच्यासमोर आजही मोठ्यानं वाचत नाही.

आधी काथ्यानं घासलं. शेवाळ सोडेना. मग तारेची घासणी. मग चिंच थापून ठेवली, चेहऱ्याला लेप लावतात तशी, आणि गवतात बसून डब्यातली चकली खाल्ली. मग पुन्हा घासलं. हाताला साखरेसारखं बारीक रवाळ काहीतरी लागत होतं. मी म्हटलं, बघा, किती मळ! वर्षानुवर्षांचा मळ! तो मळ नव्हता. ती पणजी होती.

आता तुम्ही विचाराल, बाई, आधी वाचलं का नाहीस? मंडळाची सभासद ना तू? गळ्यात चष्मा होता ना? होता. पण आमच्यात आधी अंघोळ, मग पूजा. आधी स्वच्छ करू, मग सावकाश वाचू, असं मी ठरवलं होतं. दगड जेव्हा दुधासारखा पांढरा झाला, तेव्हा मी चष्मा चढवला. चष्म्याच्या काचा पुसल्या. पुन्हा चढवला. मग बोटं फिरवली. कमानीखाली एक गुळगुळीत, सुंदर, कोरा दगड होता. जन्माला यायच्या आधीची पणजी.

मी घरी आले आणि डोक्यावरून आंघोळ केली. दोनदा.

ह्यांना रात्री जेवताना सांगितलं. ह्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली. "चिंच?" म्हणाले. "संगमरवरावर?" म्हणाले. आणि मग इतके हसले की ठसका लागला आणि मला उठून पाणी आणावं लागलं. ज्या बाईचं आयुष्य उद्ध्वस्त झालंय तिलाच पाणी आणावं लागतं, हा संसार. मी म्हटलं, "आत्ता जाऊन सांगू का तिला?" हे म्हणाले, "झोपू दे आज तिला. उद्या आहेच." मी ताबडतोब पटवून घेतलं. भित्र्या माणसाला दुसऱ्याच्या झोपेची फार काळजी असते.

रविवारी मी कोथिंबीर वडीचे दोन ट्रे घेऊन गेले. गुन्हेगार माणूस हात रिकामे ठेवत नाही. टेबलं लागली होती. मसालेदार अंडी, शेंगा, मक्याचा पाव, सफरचंदाचा चटणीसारखा मुरंबा भरलेला थरांचा केक. पोरं कुंपणाभोवती धावत होती. म्हाताऱ्या धोंड्यांपाशी कागदी फुलं खोवत होत्या. आणि मधोमध तो दगड, उन्हात दात काढल्यासारखा चमकत होता.

शेजारीण काठी टेकत आली. दगडासमोर थांबली. मी चार पावलांवर, वडीचे ट्रे अजून हातातच. तिनं वाकून हात लावला, वरपासून खालपर्यंत फिरवला. मग तिनं हातानं तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

मी म्हटलं, संपलं. मी हिला रडवलं. बस चालवणाऱ्या बाईला, जिला कधी कुणी रडताना पाहिलं नाही.

तेवढ्यात अटलांटावाले आले. स्वच्छ बूट, टोपी, हातात कुणीतरी दिलेला लिंबू सरबताचा ग्लास. दगडासमोर उकिडवे बसले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"मॅम, यावर तर काहीच नाही."

"कालपर्यंत होतं," शेजारीण म्हणाली. आवाज एकदम कोरडा.

मी पुढं झाले. दुसरं करणार काय? "मी घासलं," मी म्हटलं. "पाहुणे येणार म्हणून."

"कशानं?"

"चिंचेनं."

"ते काय असतं?"

मागून ह्यांचा आवाज आला, मराठीत, मला एकटीला कळेल असा, "टार्टारिक ॲसिड. शाब्बास."

त्या गृहस्थानं उभं राहून टोपी मागं सारली. तो काही बोलायच्या आत शेजारणीनं काठी माझ्याकडं रोखली. "ही बाई इतिहास मंडळाची आहे. हिच्या घरात चारशे वर्षांचे पूर्वज नावानिशी लिहून ठेवलेत, टेबलावर मावत नाहीत. घासायच्या आधी हिनं वाचलं असणारच. न वाचता पुसेल इतका मूर्ख कोण असतो? विचारा हिला."

सगळी टेकडी माझ्याकडं बघायला लागली. मेलेले धरून.

"वाचलं होतं का तुम्ही?" त्यानं विचारलं.

इतका मूर्ख कोण असतो, ते मला नेमकं माहीत होतं. मी शेजारणीकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती कुंपणाच्या कोपऱ्यातल्या एका लहान धोंड्याकडं बघत होती, ज्याच्यापाशी कुणीतरी गुलाबी कागदी फुलं ठेवली होती.

"वाचलं होतं," मी म्हटलं. "नीट वाचलं होतं."

आणि मी सुरू झाले. पणजीचं नाव तर मला पाठ होतं, वेल मीच काढला होता. अमक्याची पत्नी. अमक्यांची माता. जन्म, मृत्यू. इथवर थांबायला हरकत नव्हती, पण मला थांबता कधी आलंय? समोर एवढे श्रोते होते. मी आवाज जरा खाली घेतला आणि म्हटलं, "आणि खाली एक ओळ होती. 'कामाला थकली नाही, आता विसाव्याला आली.'"

ही ओळ मी त्या क्षणी रचली. बाईच्या थडग्यावर काय लिहितील, याला फार कल्पनाशक्ती लागत नाही. जगात कुठंही जा, काम केलं एवढंच लिहितात.

गृहस्थानं टोपी काढली. आणि मग मागून शेजारणीचा एक मावसभाऊ, नव्वदीचा, काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "हो. हो. अशीच ओळ होती. माझी आई म्हणायची ती."

"आणि वर कबुतर होतं," एक म्हातारी म्हणाली. "कोरलेलं."

"पंख मिटलेलं," दुसरी म्हणाली.

"पंख मिटलेलं," मी म्हटलं. आता मागं कशी येणार?

पाच मिनिटांत त्या दगडाच्या भोवती एक कोरलेला वेलही उगवला. मंडळात बसून मी ज्या राजकन्यांना हसत होते त्या कशा जन्माला येतात, ते मी त्या रविवारी जवळून पाहिलं. सुईण मीच होते.

गृहस्थ म्हणाले, "एवढ्या लोकांना आठवतंय म्हणजे झालं. वकिलाला सांगून कागद करतो." मग त्यांनी कोथिंबीर वडी खाल्ली आणि याची रेसिपी मिळेल का विचारलं. मी दिली. चिंच सोडून.

जूनमध्ये कागद आला. शेजारणीला टेकडीवर जागा मिळाली, मुलीच्या धोंड्याशेजारी. ती नंतर तीन हिवाळे जगली आणि आता ती जिथं जायचं म्हणत होती तिथंच आहे, म्हणूनच मी हे लिहायला बसले आहे. तो गृहस्थही बंगल्या विकून परत गेला.

पण तेव्हा, त्या जूनमध्ये, मला झोप येईना. खोटं बोलल्याचं मला फारसं वाटत नव्हतं. ते चांगल्या कामी आलं होतं. पण एका बाईचं नाव पुसलं होतं. मी, जिचं स्वतःचं नाव तांदळाच्या ताटात मोडून टाकलेलं, त्या मीच दुसरीचं नाव पुसावं? हा विचार मला इतका भव्य वाटला की मी त्यावर मंडळात भाषण करायचं ठरवलं. पुढच्या मंगळवारी उभं राहायचं, सगळं कबूल करायचं, माफी मागायची, आणि पणजीचा नवा दगड आपण सगळ्यांनी मिळून बसवू असं म्हणायचं. भाषण लिहिलं. त्यात दोन ठिकाणी मला स्वतःलाच रडू आलं. ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी ऐकून घेतलं, "बरंय" म्हणाले, बागेला पाणी घालायला गेले आणि कुंपणावरून शेजारणीला सगळं सांगून आले.

अर्ध्या तासात ती माझ्या स्वयंपाकघरात. काठी, दम लागलेला, हातात खारवलेल्या शेंगांची बरणी. खुर्चीत बसली. माझ्या भाषणाचे कागद टेबलावर होते, त्यावर बरणी ठेवली. मी म्हटलं, "मला बोलू दे. मला तुझ्या पणजीची माफी मागायचीय." त्यावर ती जे बोलली ते मी तिचं डोंगरातलं इंग्रजी माझ्या मराठीत आणून, पण शब्दन् शब्द देते.

"हनी, मंगळवारी तू तोंड उघडलंस तर मी मेल्यावर तुझ्या उशाशी येऊन बसेन. ऐक आता. माझी पणजी त्या संगमरवराखाली नव्हतीच. ती कुंपणाला लागून वेडावाकडा धोंडा आहे ना, त्याच्याखाली आहे. आमच्यात संगमरवर कुणाच्या बापाला परवडत होता? तो दगड एका फिरस्त्याचा. पाठीवर सुया, दोरे, कात्र्या घेऊन डोंगरातनं विकत हिंडायचा, कुठनंतरी समुद्रापलीकडनं आलेला, तुझ्यासारखाच. बर्फात आमच्या ओसरीवर येऊन मेला. पणजीनं त्याला आपल्यांतच पुरला, आणि पुढं कधीतरी त्याच्या लोकांनी तेवढा दगड धाडला. लहानपणी मला त्याचं नाव वाचता यायचं, विचित्र नाव, जिभेवर बसायचं नाही. पुढं शेवाळ चढलं आणि मी म्हटलं, असू दे पणजीचा. त्या रविवारी त्या माणसानं नुसतं ओलं फडकं फिरवलं असतं ना, तरी ते नाव वर आलं असतं, आणि माझी पोर तिथं एकटी राहिली असती. आठवडाभर माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आणि वर येऊन बघते तर तू त्याला घासून काढलेला. मला हसू आवरेना, तोंड झाकून उभी राहिले. आता त्याचं नाव मला आठवत नाही, आणि तुला ते वाचायचं सुचलं नाही. दोघींनी मिळून त्या बिचाऱ्याला दुसऱ्यांदा पुरलाय. तेव्हा माफी मागायची तर त्याची माग, मनातल्या मनात, आणि गप्प बस. आणि या शेंगांत मीठ कमी झालंय का तेवढं सांग."